पाठवणीनंतरची वही

तुमची पाठवणी झाली त्या रविवारी
ब्रह्मपुरीच्या टेकडीवर चपलांचा ढीग पडला होता.
पाळकसाहेबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवले,
आम्ही छत हलेल असं आमेन म्हटलं
आणि मग जिलेबी खाल्ली.
मी वहीत लिहिलं :
रिबेका व सत्यवान चोपडे, अरुणाचल.
दरमहा साडेतीन हजार.
खाली सही, वसुधा आवळे, खजिनदार.
वही मिटली. वाटलं, झालं आपलं काम.

पहिल्या पार्सलात गेला दोन किलो कांदा-लसूण मसाला,
गुळाची एक ढेप,
आणि सोळा स्वेटर, सगळे एकाच मापाचे.

सव्वा महिन्यानं तुझं पत्र आलं.
"ताई, शेजारच्या म्हातारीनं मसाला चाखला,
पाणी पाणी करत नाचली,
तेव्हापासून माझ्यासाठी दार लोटत नाही.
भाषा येतेय हळूहळू.
पाणी, लाकूड, ताप, उद्या, हे सगळं येतं.
'एकटी'ला काय म्हणतात ते अजून सापडलं नाही.
शोधतेय. लागतो तो शब्द."

मी पत्र मंडळीपुढं वाचलं.
शेवटच्या दोन ओळी गिळल्या.
घरी येऊन भाकरी थापताना
त्याच दोन ओळी
परातीत पुन्हा पुन्हा आल्या.

मग गुरुवार धरला. रात्री साडेआठ, रेंज असली तर.
आधी मी विचारायची, काम कसं चाललंय?
तू अहवाल दिल्यासारखी बोलायचीस.
एकदा चुकून विचारलं, काय जेवलीस गं?
तर पलीकडं कितीतरी वेळ
नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

इकडं तुझे सासरे.
मंगळवार, शुक्रवार, सीपीआरला डायलिसिस.
गिडियन साळवी, ज्याला चारचौघांत प्रार्थना कर म्हटलं
की घाम फुटतो,
तो पहाटे रिक्षा लावतो त्यांच्या दारात,
मीटर न टाकता.
पुराच्या वर्षी पोरांनी गुरुजींना उचललं
तर गुरुजी ओरडले, आधी पेटी उचला!
पेटीत तुमची पत्रं.
पोरांनी आधी पेटी उचलली, मग गुरुजी.
हे सगळं वहीत कुठल्या रकान्यात मांडू?

चार वर्षांनी तुम्ही आलात.
कमिटीनं पडदा, प्रोजेक्टर, तीन ठिकाणची भाषणं ठरवलेली.
मिरजेचं आमंत्रण वेगळंच.
आणि तू तिसऱ्या बाकावर, गीत चालू असताना,
मान टाकून झोपलेली.
मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा सभेत उभी राहिले.
म्हटलं, साहेब, साक्ष पुढच्या महिन्यात.
हिला झोपू द्या.
आणि दाढ दुखतेय हिची, ते कुणी विचारलंय का?

संध्याकाळी तिर्झाला गंगावेशीत नेलं.
म्हशीची धार थेट ग्लासात पडताना बघून
पाच वर्षांची ती माझ्या पदरात शिरली,
मग मिशीला फेस लावून हसली,
आणि तिकडच्या बोलीत काहीतरी म्हणाली.
तुला विचारलं, काय म्हणते?
तू म्हणालीस, म्हणतेय, आत्याच्या चुलीचा धूर आपल्या घरातून दिसतो.
मग थोडं थांबून,
ताई, तो शब्द सापडला.
जिचा धूर कुणी बघत नाही ती,
असं म्हणतात तिकडं.

आज पार्सल बांधतेय.
स्वेटर, तीन मापांचे.
मसाला अर्धा किलो जादा, म्हातारीसाठी.
गुरुजींची चिठ्ठी, अक्षर हललंय, पण वाचता येईल.
गुरुवारी फोन करते.
नाही लागला तर शुक्रवारी.