खांब क्रमांक दोनशे बारा

बंगळूरला सकाळी नऊला तिम्मराजूने रिक्षा काढली
आणि माझ्या यादीकडे न बघताच म्हणाला,
"आधी बुरूज. मग किल्ला. मग जेवण."

चार बुरूज म्हणजे म्हणे शहराची वेस.
वस्ती त्यांच्या बाहेर गेली तर गाव बुडेल,
असं कुणीतरी सांगून ठेवलेलं.
लालबागेतल्या खडकावर चढून पाहिलं.
बुरूज केवढासा! आत चौघं शिरले
तर पाचव्याने बाहेर चपला राखाव्यात.
आणि चहूकडे, नजर दमेस्तोवर,
काचेचं शहर
एकमेकांत आपलं तोंड बघत उभं.
"बुडलं नाही की हो," मी म्हणाले.
"पावसाळ्यात या," तिम्मराजू म्हणाला.

किल्ला म्हणजे आता एक दार
आणि त्याला चिकटून थोडी भिंत.
एका मुलाने दाराच्या खिळ्यावर तळवा ठेवला,
रखवालदाराने शिट्टी फुंकली.
यादीवर दोन खुणा झाल्या.

तिसरं ठिकाण डागडुजीसाठी बंद.
तिम्मराजू बराच वेळ आरशातून मला जोखत राहिला.
"यादीत नाही," म्हणाला,
"पण माझ्या सासुरवाडीचा एक दगड आहे."

मेट्रोच्या दोनशे बाराव्या खांबाखाली,
दूधकेंद्राच्या क्रेटना पाठ लावून,
वीरगळ.
कमरेएवढा.
खालच्या पट्टीत गाई, पाच की सहा,
त्यांच्याआड एकटा माणूस, धनुष्य ताणलेलं,
नाक झिजलेलं, डोळ्यांत हळद चेपून बसलेली.
मधल्या पट्टीत अप्सरा त्याला काखेत धरून नेताहेत,
लग्नात जास्त झालेल्या दिराला न्यावं तशा.
वर तो पिंडीपुढे, मांडी घालून, एकदम शहाणा.
आणि अगदी शेंड्याला चंद्र, सूर्य.

गाई वळवून नेणाऱ्यांशी लढताना मेला.
कुणाच्या गाई, ती ओळ फुटलीय.
आता पहाटे चारला त्याच्या छातीशी
दुधाच्या पिशव्यांचे चाळीस क्रेट उतरतात.

केंद्र चिक्कतायम्माचं.
तिने बोटांवर मोजून दाखवलं:
आधी तळ्याच्या बांधावर होता.
तळं बुजवलं, तेव्हा नवऱ्याने बैलगाडीतून शाळेपाशी आणला.
रस्ता रुंद झाला, थोरल्याने टेंपोत घातला.
मेट्रो आली, तेव्हा क्रेनवाल्याला दोनशे रुपये
आणि तांब्याभर ताक.
"दरवेळी मी मागोमाग. दूध काय, कुठेही विकतं."

सरकारात कळवलंत का, मी विचारलं.
तिम्मराजूने ते कानडीत नेलं
आणि परत येताना त्याचा आवाज उतरला होता:
"नेतील, म्हणते. काचेत ठेवतील.
मग काच पुसायचं काम तिला देणार का, विचारते."

आचंद्रसूर्य, असं लिहायचे आपल्याकडेही,
दानपत्राच्या शेवटी, गाढवाच्या शापाच्या जरा अलीकडे.
इथे खांबाखाली चंद्र पोचत नाही.
सूर्य येतो दुपारी, मोजून वीस मिनिटं,
तोही समोरच्या बँकेच्या काचेवरून उसना.
दगडावरचे दोघे मात्र
हलवलं तिथे जातात,
ठेवलं तिथे उगवून बसतात.

डोक्यावरून गाडी गेली.
क्रेट थरथरले.
पातेल्यातल्या सायीला एक सुरकुती पडली
आणि चिक्कतायम्माने, न बघता,
पदराने वीराच्या तोंडावरची धूळ टिपली.

मी अर्धा लिटर घेतलं.
लॉजवर तापवायला काही नाही, हे ठाऊक असून घेतलं.
पिशवी कोपऱ्यात गळत होती,
यादीच्या घडीत गुंडाळून मांडीवर धरली.
सिग्नलला तिम्मराजूने मागे वळून विचारलं,
"अजून तीन बुरूज राहिले?"

राहू देत, म्हटलं.
पोरांच्या घरी दूध कुणी पितं का तुमच्याकडे?