उचल, मग ओढ

पहिले खण केले तेव्हा
हिशेब मोबाइलवर होता, मिलिमीटरमध्ये,
आणि एमडीएफ स्वस्त होतं.
सूरच्या दमट हवेने ते जूनमध्येच पिऊन टाकलं.
कडा फुगल्या
पाण्यात राहिलेल्या वहीसारख्या.

उरलं ते तिवीच्या चढावर गेलं.
तिसऱ्या वळणाला वरचा खण उघडला,
मग मधला, मग त्यांचं बघून खालचा.
तूरडाळ, स्क्रू, शालनचा चष्मा,
आणि मेतकुटाची बरणी.
अर्धा तास कोणी खिडकी उघडली नाही,
उघडली असती तर तेही वाऱ्यावर गेलं असतं.
शालन भुवयांवरची पिवळी पूड पुसत म्हणाली,
गुण्यात असतील तुझे खण,
गुण्यागोविंदाने नाहीत.

शुक्रवारी खाडीकाठी गेलो, गलबतं बांधतात तिथे.
एकच उभं होतं, फासळ्या उघड्या टाकून.
खाली मोइदीनकुट्टी, बेपूरचा,
चष्म्याची एक काडी दोऱ्याची.
त्याचं हिंदी आणि माझं हिंदी
दोन्ही इथेच शिकलेली, दोन्ही लंगडी,
म्हणून बरोबरीने चालतात.
मी माझे नवे चॅनेल दाखवले,
बॉलबेअरिंगचे, खटक्याचे, महागडे.
नारळ पारखावा तसे त्याने
कानाशी नेऊन हलवले
आणि परत दिले.

गलबतातल्या खणाला खटका नसतो, म्हणाला.
बाजूच्या फळ्यांना खालून खाच घे, अगदी पुढे.
खण आत गेला की खाच उंबऱ्यावर बसते.
काढायचा तर आधी उचल,
मग ओढ.
लाट येते, अख्खं गलबत उचलते,
एकटा खण उचलायचं
तिला सुचत नाही.

मग दीड महिना, रात्रीच,
दिवसा पटाशीला हात लावला तर पोळत होता.
रस्त्यावरच्या दिव्याखाली सागरी प्लाय,
शेजारच्या शेळ्या यायच्या, भुसा हुंगायच्या,
आमच्यावर नाराज होऊन जायच्या.
त्याचं माप बोटांत, माझं मिलिमीटरमध्ये.
एकदा खाच अडली तेव्हा
माझ्या तोंडून निघालं, दोन सूत अजून.
तो थांबला. मीही.
अण्णांच्या रंध्याबरोबर गेलेला शब्द,
तीस वर्षं कुठे होता कोण जाणे,
गंज नव्हता त्याला.

चिपळूणहून ताईचा फोन आला.
काय करतोयस एवढ्या रात्री?
खण बसवतोय.
किती?
पाच.
पाच खणांचं! अरे, मग बोलला नाहीस,
एवढं मोठं घर, आणि कुठे, तिथेच?
शालन तोंडावर ओढणी धरून हसत होती.
मी हायएसच्या आत पाहिलं,
एक गादी, एक शेगडी, पाण्याचा कॅन,
मागच्या काचेवर बाहेरच्या दिव्याचा डाग.
हो, म्हटलं. तिथेच.
ओळखीतला भटजी पाठवू का, तिने विचारलं.

त्यानंतरच्या गुरुवारी पुन्हा तिवी.
तिसरं वळण.
आम्ही दोघं बोलायचं थांबून ऐकत होतो.
आत डबे एकमेकांना हळू लागत होते,
उंबरा कुणी ओलांडला नाही.
वर पोचल्यावर शालनने खण उचलला, ओढला,
चष्मा काढला, घातला,
आणि समुद्राकडे न बघता
आधी खाचेकडे बघितलं, बोट फिरवून.

चार खण भरलेत.
खालचा रिकामाच आहे.
तीन वेळा काहीतरी ठेवलं आणि काढलं,
तिथे काय लागेल ते अजून कळत नाही,
आणि व्हिसा दोनच वर्षांचा मिळतो.

घरी, म्हणजे कंपनीच्या फ्लॅटमध्ये,
काल ती चमचा घ्यायला गेली
आणि ओट्याखालचा ड्रॉवर
आधी उचलला.
तो नुसता खडखडला,
त्याला कुणी तसं शिकवलेलं नाही.
ती तशीच उभी राहिली थोडा वेळ,
हात मुठीवर.