जानेवारी अडतीस, मे चोवीस

आमची तिसऱ्या मजल्यावरची खिडकी
आणि चेंबूरचा पूल, एकाच उंचीवर.
तेरा वर्षं रात्रभर ऐकते :
टडक्-टडक्. पुढचं चाक, मागचं चाक.
दुधाच्या टेम्पोचं हलकं, टँकरचं पार पोटात जाणारं.
कपाटातल्या पितळी वाट्या त्याला ओ देतात.

म्हणून अर्ज केला, तीन प्रतींत :
पुलाला फट पडली आहे, कृपया बुजवावी.

उत्तर आलं नाही. माणूस आला.
जानेवारीत, रात्री दीडला, एक मार्गिका अडवून :
रेमेडियस तुस्कानो, पूल खातं, राहणार वसई.
मी खिडकीत, तो कठड्याशी,
मधे दोन हात हवा.

वाकड्या सळईने त्याने फटीतून उकरून काढलं
खडी, बाटल्यांची झाकणं, बांगडीचा तुकडा,
स्कूटरचा अर्धा आरसा.
"हे आत राहिलं तर उन्हाळ्यात कडा फुटतात."

"मग बुजवतच का नाही?"

"बुजवली होती, बाई. एका कंत्राटदाराने,
डांबर ओतून, गुळगुळीत. महिनाभर लोक खूश.
मग ऊन चढलं.
पूल जाणार कुठे?"

"पूल जातो?"

"जातो की. सकाळी निघतो, रात्री परत येतो.
रोज नखभर, वर्षाला बोटभर."

पोलादी पट्टी लावली, वहीत आकडा लिहिला,
टॉर्चच्या उजेडात पान माझ्याकडे धरलं :
जानेवारी अडतीस. मे चोवीस.
जानेवारी अडतीस. मे चोवीस.
खाली खाली तेच, शाई तेवढी बदललेली.
"एखाद्या वर्षी दोन्ही आकडे सारखे आले ना,
तर मला झोप लागायची नाही."

आत आले. हे जागेच होते.
गोदीतून निवृत्त होऊन आठ महिने,
आठ महिने स्वयंपाकघरात माझ्या पाठीशी :
डब्यांना चिठ्ठ्या, कणकेत पाणी किती,
आणि दर रविवारी, दोन्ही खाटा जोडून टाकू,
मधली जागा फुकट जाते.
मी नको म्हणायचे. का, ते सांगता यायचं नाही.

"काय म्हणाला तो?"
"फट मुद्दाम ठेवलीय म्हणे."
"मुद्दाम?" म्हणाले, आणि कूस बदलली.

मे महिन्यात एकदा, भर दुपारी,
छत्री घेऊन हे एकटेच बाहेर पडले.
सांजेला आले, पाणी प्यायले, मग म्हणाले,
"पुलाखाली उभा होतो. त्या फटीत रबर असतं.
पोट सुटल्यासारखं खाली आलंय."
पुढे काही बोलले नाहीत. आम्ही जेवलो.

अर्ज अजून प्रलंबित आहे.
खाटा होत्या तिथेच आहेत,
मधे माझा चष्मा, यांच्या चपला.
टडक्-टडक्.
हल्ली जरा बारीक वाजतं.
चोवीस असावं.