पट्टा शेवटपर्यंत ओढून बघ

इद्रिसभाईंनी फोनवर बजावलं होतं,
आधी बॉनेटवर हात ठेव.
गरम लागलं तर समज,
तू यायच्या आत मालकाने तिला जागं केलंय.

गार होतं. कारेलीबागेतली सकाळ,
खारकरकाका अनवाणीच खाली आलेले,
हातात सर्व्हिसची सगळी बिलं, रबरबँड लावून.
"एकहाती वापरलेली. बँक आणि भाजी, बस.
पाण्यात कधी गेलीच नाही."

ऑइलचं झाकण उघडून आत साय शोधली. नव्हती.
दारांवरून फ्रिजवरचं चुंबक फिरवलं,
डाव्या मागच्या दारावर ते धरेना, घसरलं.
"खांब होता," काका म्हणाले, "ही शिकत होती तेव्हा."
टायरांच्या तारखा वाचल्या. क्लच फार वर सुटत होता.

मग मागच्या सीटचा पट्टा
ओढला, ओढला, अगदी संपेपर्यंत.
शेवटच्या वीतभरात
विश्वामित्रीचा गाळ, वाळलेला, सरळ रेषेत.

काका बिलं पुन्हा मोजू लागले.

ती रेष माझ्या ओळखीची.
आमच्या बैठकीत कमरेच्या वर चार बोटं,
दोनदा रंग दिला तरी उमटते.
त्या रात्री आम्हीही फ्रिज पलंगावर चढवला होता.
घर बघायला कोणी आलं की म्हणतो,
आमच्या गल्लीत पाणी येत नाही.

पट्टा सोडला. सरसर आत गेला,
गाळासकट.

"अठरा हजार कमी करा," मी म्हटलं,
"आणि वायरिंग इद्रिसभाई बघतील, मग बोलू."

"वीस करा हो,"
जिन्यावरून काकूंचा आवाज आला.