ठिकाणाचा रकाना

बॅटरी खाली धर, बाख.
उजेड तोंडावर आला की तो दगड होतो,
आणि दगडाची नोंद तुझ्या वहीत बसत नाही.

इथे, या चुनखडीच्या कपारीत
टोपभर पाणी साठलंय गेल्या आठवड्याचं.
पाण्याच्या वर, कोरड्या कडेला,
भिजल्या साबुदाण्यासारखी अंडी.
फुटली की पिल्लं थेट खाली टपकतात.
म्हणजे आई असेलच कुठेतरी.
बघ.
नाही, ते शेवाळ.
तेही शेवाळ.
आत्ता ज्याच्यावरून तुझी नजर सरकली ना,
तो.

उचलू नकोस. गोळा होऊन पडेल तळहातावर,
पाय पोटाशी, मेल्यासारखा.
त्या सोंगाला मी कधी फसले नाही.
एका बेडकाचे चार किलो तांदूळ यायचे घरात.
खरंच कोण मेलं ते मोटारसायकलवाला बघायचा,
शहरात पोचल्यावर.
वीस घालायचे मी डब्यात, ओल्या शेवाळावर.
शेवाळाचे तो पैसे देत नसे.

लेक माझी बाक निन्हला कारखान्यात फोन जोडते.
तिनंच दाखवला एकदा फोटो:
कुठल्याशा थंड देशातली काचेची पेटी,
आत दिवा, आत आपला हा,
आणि मागे चिकटवलेलं हिरवं प्लास्टिक.
त्याला अंग टेकून बसला होता,
दिसू नये म्हणून.
मी हसले.
रात्री मात्र घास उतरेना.

तुम्ही मोजायला येता ते बरंच आहे.
खालच्या ओढ्यावर अकरा. वरच्यावर तीन.
दोन वर्षांपूर्वी वरच्यावरही अकरा होते.
हे लिही. ठळक लिही,
हपिसातल्या चष्म्यांना दिसेल असं.

पण हा पुढचा रकाना, ठिकाणाचा,
तुझ्याआधी एक मुलगी आली होती, फार हुशार.
तिनं सगळं नीट छापलं:
ओढ्याचं नाव, झाडाचं नाव, उंची.
भात कापणीला यायच्या आत
त्या वाटेवर तीन अनोळखी मोटारसायकली.
तो ओढा अजून वाहतो.
त्याच्या काठी आता बॅटरी लागत नाही,
बघण्यासारखं काही नाही.

ऐकलंस? ती बारीक शीळ?
उजवीकडून आली असं वाटलं ना,
म्हणजे तो डावीकडे.
त्याला मी ठाऊक आहे, बाख.
जुनी चोर,
चपला हातात घेऊन उभी.

रकाना रिकामा राहिला तर साहेब ओरडतील म्हणतोस.
मग लिही, शेवाळ.
खोटं नाही ते.