एकाच तारखेचं नाव

इव्होन.
हे नाव मी आजवर दोनशे अकरा वेळा कोरलंय.
मोजायची सवय वडिलांची. काम संपलं की
दाराच्या चौकटीवर ते खडूने एक रेघ ओढत.

पहिलं अक्षर अवघड. तीन रेघा एका जागी भेटतात,
फांदीच्या बेचक्यासारख्या,
आणि नेमका तिथेच टवका उडतो.
बेचकं जमलं की बाई जमली, वडील म्हणायचे.
पुढे दोन न शेजारी शेजारी. दुसरा बोलताना कुणी धरत नाही,
तरी कोरायचा. मजुरी अक्षरावर होती.

हे नाव झाडाचं आहे, ते मला पन्नाशीत कळलं.
निवृत्त मास्तर फुल्बेर काँतेल
बायकोच्या दगडाची मापं घेऊन आले होते.
काम काढताना लोक गप्प बसतात, नाहीतर फार बोलतात.
मास्तर बोलत राहिले:
स्मशानाच्या भिंतीशी तो इफ उभा आहे ना,
त्याचंच हे पोर.
ऱ्हाइनपलीकडून फ्रँक लोक आले,
गारगोटीसारखे खडबडीत शब्द तोंडात घेऊन,
त्यात या झाडाचा एक शब्द होता, टिचभर.
झाडाचं झालं धनुष्य,
धनुष्यावरून पुरुषाचं नाव, इव्हों,
आणि मग शेवटी दोन अक्षरं ॲप्रनसारखी बांधून
बाईचं.

मास्तर गेल्यावर मी त्या झाडापाशी जाऊन आलो.
पान विषारी, बी विषारी. घोड्याने चघळलं तर घोडा आडवा.
बीभोवतीचा लाल गर तेवढा गोड,
ते काळ्या कस्तुराला माहीत असतं.
आतून पोकळ झालंय, तरी वठत नाही.
युद्धात त्या पोकळीत खाटकाने डुक्कर लपवलं होतं,
आणि डुकराने, म्हणतात, तोंडातून चकार शब्द काढला नाही.

शाळेत एक जुना फोटो आहे. एकोणीस मुली,
त्यातल्या सहा इव्होन.
बेकरीतली इव्होन, कालव्याच्या दरवाजावरची इव्होन,
लंगडी, तांबडी, पाद्रीबाबांची भाची,
आणि एक नुसतीच इव्होन,
जिला पुढे लावायला कुणाला काही सुचलं नाही.
बाईंनी हाक मारली की सहा माना वळत.
ऑर्नच्या दोन्ही काठांवर तेव्हा हीच तऱ्हा,
एक आई दारातून ओरडली तर चार घरांतल्या पोरी धावत.
नंतर ब्रिजित आल्या, नताली आल्या,
मग टीव्हीतून उतरलेल्या पोरी आल्या,
आणि इव्होन एकेक करून माझ्याकडे यायला लागल्या,
बहुतेक हिवाळ्यात.
एका जानेवारीत चार.
नुसती इव्होन सगळ्यात शेवटी आली. सत्त्याण्णव वर्षांची.
दगडावर काय लिहू, विचारलं, तर पुतण्या म्हणाला,
नावच पुरे.
त्यानंतर मी त्या अक्षरांचा कागदी साचा
मापांच्या वहीत घडी घालून ठेवला.

मार्चमध्ये कां शहरातून पेरीनचा फोन आला, इस्पितळातून.
बाबा, मुलगी झाली. इव्होन ठेवतोय.
मी काहीच बोललो नाही. तिला वाटलं, फोन कटला.
काय बोलणार? या नावाशी माझी ओळखच उलट्या टोकाने.
हात मात्र टेबलावर आपोआप चालू झाला,
बेचकं, मग पुढची अक्षरं, दोन्ही न,
खाली साल,
सालानंतरच्या आडव्या रेघेपाशी आलो
आणि उजवा हात डाव्या हाताने धरला.

म्हातारीचं नाव आहे गं ते, मी म्हटलं.
ती हसली. टाके दुखले असावेत, मध्येच थांबली.
व्हायचीच आहे की ती म्हातारी, बाबा.
नाव आधीपासून तयार असलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी गेलो. काचेच्या पाळण्यावर
प्लास्टिकची पट्टी, नर्सने हिरव्या पेनाने लिहिलेली.
बेचकं साफ वाकडं. एकच न.
खाली तारीख, आणि तारखेपुढे काही नाही.
शाई अजून ओली होती,
बोट लागलं असतं तर फिसकटली असती.
मी हात खिशात घातले.