सायकलवरचा नंबर

चौगुले बाईंनी आधी डोळे तपासलेच नाहीत.
विचारलं, सायकल चालवताना बघता कुठे?
पुढे, मी म्हटलं.
पुढे म्हणजे किती पुढे?

चोवीस वर्षं पतपेढीची पिग्मी गोळा करतोय,
गुहागर ते पालशेत, रोज सदतीस दारं,
कुणाचे वीस, कुणाचे शंभर,
मच्छीवाल्या सुलाबाईचे ओले, खवल्या चिकटलेले दहा,
आणि हा प्रश्न आजवर कुणी केला नव्हता.

मला आवडलेली फ्रेम गॉगलसारखी, कानाकडे वळलेली,
पुतण्याने फोनवर दाखवली होती तशीच.
बाई म्हणाल्या, वारा अडेल, चिलटं अडतील,
पण तुमचा नंबर साडेचार. एवढ्या वाकड्या काचेतून
कडेची म्हैस भलतीकडेच दिसायची.
ठेवली खाली.
म्हशींच्या बाबतीत मी धोका पत्करत नाही.

उन्हात काळी होणारी काच मी स्वतःच नको म्हटली.
सड्यावर ठीक आहे,
तिथल्या कातळाकडे बघितलं तरी डोळे पोळतात.
पण उतरून आगरात शिरलं की
पोफळींचा काळोख एकदम अंगावर येतो
आणि काच आपली सावकाश उजळत बसणार,
रुसलेल्या पाहुण्यासारखी.
तेवढ्यात पाटाचं वळण. तेवढ्यात नारळांचा टेम्पो.

मग बायफोकल?
पावती लिहायला जवळचं लागतंच की.
खड्डा चाकाशी आला, बाई म्हणाल्या,
की तो नेमका खालच्या काचेत पडेल
आणि तुम्ही त्याच्यात.
सायकल आत आणा.

दुकानात?

दुकानात.

स्टँडवर लावली. चाकांखाली पेपर पसरला,
मडगार्डची लाल माती त्यावर झडली.
बसा. हँडल धरा. समजा चढाव आहे.
चढाव काय समजायचा?
शब्द कानावर पडताच मान आपसूक खाली गेली.
आता बघा समोर.

समोर बघितलं ते भुवयांखालून,
फ्रेमच्या वरच्या काडीला धडकत.
तिच्या वर सगळं धुरकट, खाली नुसतं पुढचं चाक.
इतकी वर्षं ती आडवी काळी रेघ
मी रस्त्याचाच भाग समजत होतो.

बारीक मार्करने त्यांनी काचेवर ठिपका दिला,
नेहमीपेक्षा वर, मी वाकलेला असतानाच.
मग दुसऱ्या काचेवर. दोन्ही एका पातळीत आले नाहीत.
नाक तिरकं आहे तुमचं, म्हणाल्या.
घरी हे कुणी बोललं नव्हतं.

ठरली ती अशी: वर काडीच नाही,
काच खालच्या तारेत बसवलेली,
स्क्रू कमीत कमी, कारण इथला वारा
आधी स्क्रू खातो, मग माणूस.
जवळचा वेगळा, गळ्यात दोरीला.

दोन्हींचे मिळून चार हजार दोनशे.
मी पिशवीची चेन उघडली, लावली.
बाईंनी स्वतःच वही ओढली:
रोज तीस. मी देते ना तुम्हाला रोज पन्नास,
तुम्हीही द्या.

आठ दिवसांनी चष्मा आला.
असगोलीच्या चढावावर वरच्या अंगाला
निळ्या शर्टातला एक जण उभा असतो,
दिवाळीपासून त्याला हात करतोय, काय भाऊ म्हणतोय,
उत्तर नाही. शिष्ट म्हणून मी त्याला सोडून दिला होता.
त्याच्या डोक्यावर मडकं आहे.
मडक्याला चुन्याचे डोळे, माझ्यापेक्षा बरे.
भर चढावात हसू आलं आणि उतरावं लागलं.

संध्याकाळी शेवटचं दार चौगुले बाईंचं.
त्या वीसच देतात, तीस मी माझ्या खिशातले घालतो,
पावती पन्नासची फाडतो.
त्यासाठी लांबचा काढायचा, जवळचा चढवायचा.
त्या मधल्या क्षणी बाई म्हणजे
ट्यूबलाइटखालचा एक पिवळट डाग,
आकडे सांगणारा.
चालतं.
सायकल तेव्हा स्टँडवर असते.